आजोबांच्या गल्ल्यातली अकरा किलो चिल्लर: कोणती बाद, कोणती अजून चालू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांचं इंदूरच्या मल्हारगंजात किराण्याचं दुकान होतं. ते गेल्यावर दुकान आवरताना गल्ल्याखालून डालड्याचे दोन डबे आणि गोणपाटाची एक पिशवी निघाली. सगळी मिळून अकरा किलो चिल्लर. पाच, दहा, वीस, पंचवीस पैसे, आठ आणे, रुपये, सगळं एकत्र. शिवाय टोरांटोच्या आत्यांनी वर्षानुवर्षं भाच्यांना खेळायला दिलेल्या सेंटची एक थैली. बँकेत नेलं तर काउंटरवरच्या मुलीने डब्यात डोकावून 'हे सगळं बंद झालंय' म्हणून परत पाठवलं. मेहुणे म्हणतात की यातल्या एकेका नाण्याचे लाख मिळतात. आणि तुम्ही विचारताय की हे एकगठ्ठा कुठे बदलून मिळेल.

एकगठ्ठा कुठेच मिळणार नाही. पण काउंटरवरची मुलगी अर्धीच बरोबर होती.

मी इंदूरच्या एका सरकारी बँकेत एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बहुतेक कॅशमध्ये. शेवटी हेड कॅशियर म्हणून निवृत्त झाले. नोटा मोजणारे पुष्कळ असतात, नाणी मोजायला कोणी पुढे येत नाही, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं आणि राहिलं. म्हणून हे लिहितेय.

तुमची खरी अडचण बदलून मिळण्याची नाहीच. तुमच्या डब्यात तीन प्रकारची 'बंद' नाणी एकत्र पडली आहेत आणि आपण तिन्हींना एकच शब्द वापरतो. एक, टाकसाळीने पाडणं थांबवलं. दोन, दुकानदाराने घेणं थांबवलं. तीन, सरकारने कायद्याने चलनातून काढलं. पैसे बुडतात ते फक्त तिसऱ्यात. पहिल्या दोन्हींत नाणं जिवंत असतं, फक्त त्याची किंमत कोणी ठेवत नाही.

आता डबा या चाळणीतून काढू.

पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी, म्हणजे चाराणे, वीस, दहा, पाच, तीन, दोन, एक पैसा, ही तिसऱ्या प्रकारात गेली. ३० जून २०११ पासून ती कायदेशीर चलन राहिली नाहीत. सरकारची अधिसूचना त्याआधी सहा महिने, डिसेंबर २०१० मध्ये निघाली होती आणि बदलून घ्यायची मुदत २९ जून २०११ ला बँकेची वेळ संपेपर्यंत होती. रिझर्व्ह बँकेची कार्यालयं आणि ज्या बँक शाखांत छोट्या नाण्यांचे डेपो होते त्या शाखा, एवढ्याच ठिकाणी ती बदलून मिळत होती. मुदत गेली ती गेली. आज कोणतीही बँक ती घेऊ शकत नाही, कितीही ओळख काढा.

आमच्या शाखेत असा डेपो होता, म्हणून तो जून मला चांगला आठवतो. शेवटच्या आठवड्यात रांग जिन्यापर्यंत जायची. पानवाले, देवळाचे पुजारी, लोकल बसचे जुने कंडक्टर. एक आजी रोज यायच्या. पदरातून पुरचुंडी काढून काउंटरवर दहा-दहाच्या चवडी रचायच्या आणि माझ्या मोजण्यावर विश्वास नसल्यासारख्या माझ्या बोटांकडे बघत बसायच्या. अ‍ॅल्युमिनियमची नाणी दिवसभर मोजली की बोटं काळी होतात आणि तो धातूचा वास साबणानेही जात नाही. डबा खाऊन हात धुताना मला रोज वाटायचं, सुटलो एकदाचे.

आणि त्याच वर्षी दिवाळीच्या आवरासावरीत सासूबाईंच्या देवघराखालून पितळेचा डबा निघाला. आत एकशे सेहेचाळीस रुपये पंचवीस पैसे, सगळे चाराण्याच्या आतले. जूनभर अर्ध्या गावाला 'घरात शोधा, आणून द्या' सांगणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घरात. सासूबाई एवढंच म्हणाल्या, ''अगं, तू बँकेतच असतेस ना?'' म्हणून मुदत चुकली याचं तुम्ही फार वाईट वाटून घेऊ नका.

रक्कमही तशी मोठी नसते, हे वजनावरून लगेच कळतं. गेंड्याचं चित्र असलेले स्टीलचे चाराणे २.८३ ग्रॅमचे. किलोत साधारण साडेतीनशे बसतात, म्हणजे अठ्ठ्याऐंशी रुपये. सहा कोनांचे अ‍ॅल्युमिनियमचे वीस पैसे २.२ ग्रॅमचे, किलोला नव्वदच्या आसपास. नागमोडी कडेचे दहा पैसे २.३ ग्रॅमचे, किलोला जेमतेम त्रेचाळीस रुपये. म्हणजे तुमची अकराच्या अकरा किलो बाद नाणी आहेत असं धरलं तरी हजाराच्या वर फारसं जात नाही. ही नाणी का काढावी लागली तेही यात आलं. किलोभर अ‍ॅल्युमिनियम त्रेचाळीस रुपयांत कुठे मिळतं? नाण्यापेक्षा त्यातला धातू महाग झाला की लोक ती वितळवतात, नाहीतर डब्यात टाकून विसरतात.

आता महत्त्वाचा भाग, कारण तुमचे पैसे इथे आहेत.

आठ आणे बंद झालेले नाहीत. इंदुरात कोणी घेत नाही हे मला माहीत आहे. सियागंजात पन्नास पैशांचं नाणं दिलं तर समोरचा तुमच्याकडे असा बघतो, जणू तुम्ही शिवराई दिलीत. 'मैडम, ये नहीं चलता अब,' असं मलाही भाजीवाल्याने ऐकवलं आहे, मी बँकेत आहे हे माहीत असून. पण ते न चालणं बाजाराचं आहे, कायद्याचं नाही. पन्नास पैसे हे आजही आपलं सगळ्यात लहान कायदेशीर नाणं आहे. २०११ नंतर हिशेबसुद्धा पन्नास पैशांवर किंवा पूर्ण रुपयावर आणायचे असं ठरलं ते त्यामुळेच. रुपया, दोन, पाच, दहा आणि वीस रुपयांचं नाणं, कोणत्याही आकाराचं, कोणत्याही चित्राचं, जुनं असो की नवं, तेही चालू. जाड, वजनदार पाच रुपयांचं नाणं आता बाजारात फारसं दिसत नाही, म्हणून ते बंद झालं असं लोक म्हणतात. झालेलं नाही. ते नऊ ग्रॅमचं आहे, किलोला साडेपाचशे रुपये होतात. आजोबांच्या गल्ल्यात ही मूठभर जरी असली तरी सगळ्या दहा पैशांना मिळून भारी पडतील.

दहाच्या नाण्याबद्दलही एक वाक्य, कारण आपल्याकडे ती अफवा फार टिकली. दहा रेघांचं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं, रुपयाचं चिन्ह असलेलं खरं आणि नसलेलं खोटं, असलं काही नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये सांगितलं होतं की तोवर निघालेले चौदाही नमुने चालू आहेत.

तर आधी निवड करा. माझी पद्धत सांगते, तासाभराचं काम आहे.

जमिनीवर जुनी चादर पसरा आणि फ्रीजवरचं लोहचुंबक घ्या. १९८८ पासूनची स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात. अ‍ॅल्युमिनियम चिकटत नाही. पण न चिकटलेला सगळा ढीग बाद असं समजू नका, इथेच लोक फसतात. तांबं आणि निकेल मिसळून केलेली नाणीही चिकटत नाहीत: जाड पाच रुपये, अकरा बाजूंचे जुने दोन रुपये, ऐंशीच्या दशकातला मोठा रुपया, जुने आठ आणे. ही सगळी चालू आहेत. त्यामुळे न चिकटलेल्या ढिगात हात घालून हलकं आणि जड वेगळं करा. अ‍ॅल्युमिनियम हातात कागदासारखं लागतं, चूक होत नाही. मग जडमधून जुने तांबं-निकेलचे चाराणे आणि त्याखालची सगळी नाणी, पितळीसुद्धा, बाजूला काढा. आणि चिकटलेल्या ढिगातून स्टीलचे दहा पैसे आणि सगळे चाराणे काढा. उरलेलं सगळं बँकेचं.

हाताच्या मुद्रांची नाणी असतील तर अंगठा म्हणजे रुपया, दोन बोटं म्हणजे दोन रुपये, मूठ म्हणजे आठ आणे. आकडा बघितल्याशिवाय टाकू नका.

वजनाने निवडायचं डोक्यात असेल तर एक फजिती ऐका, माझीच. २०११ पासून नवा छोटा रुपया आला. तो ३.७९ ग्रॅमचा. आणि संसद भवनाचं चित्र असलेले जुने स्टीलचे आठ आणेही ३.७९ ग्रॅमचेच, आकारही जवळजवळ तोच. नवीन नाणी यायला लागल्यावर एका दुकानदाराने शंभर-शंभरची पाकिटं आणली, मी काट्यावर टाकली, प्रत्येक बरोबर ३७९ ग्रॅम. घेतली. संध्याकाळी एक पाकीट फुटलं आणि टेबलावर संसद भवनंच संसद भवनं. शंभर रुपयांच्या जागी पन्नास. कॅशची तूट कॅशियरने भरायची असते, ती मी भरली. तो दुकानदार लबाड होता की त्याचाही घोळ झाला, हे मला आजवर कळलेलं नाही. तसाच जुना मोठा स्टीलचा रुपया आणि २०११ नंतरचे दोन रुपये, दोन्ही ४.८५ ग्रॅमचे. तेव्हा काटा मोजायला वापरा, ओळखायला डोळेच.

निवडून झालं की प्लॅस्टिकच्या छोट्या पिशव्यांत शंभर-शंभर नाणी भरा. एका पिशवीत एकच किंमत आणि शक्यतो एकाच आकाराचं नाणं. बाहेर चिठ्ठी लावा. ही माझी हौस नाही. रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सांगितलं आहे की रुपया-दोन रुपयांची नाणी वजनावर घ्यावीत आणि शंभराच्या पिशव्या दोघांनाही सोयीच्या पडतात.

आता काउंटरवरची मुलगी. तिने नाणी नाकारायला नको होती. बँकेच्या शाखांनी छोटी नाणीही घ्यायची आणि बदलून द्यायची, असा स्पष्ट आदेश आहे आणि खात्यात किती नाणी भरावीत याला वरची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती देण्याघेण्याच्या व्यवहारात: २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे एका वेळी रुपया आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंत, आणि आठ आणे फक्त दहा रुपयांपर्यंत घेणं समोरच्याला बंधनकारक आहे. म्हणजे आठ आण्यांची पिशवी घेऊन किराणा भरायला गेलात आणि वाण्याने हात जोडले, तर तो चुकत नाही. बँकेने हात जोडले तर चुकते.

पण तिच्या बाजूनेही दोन शब्द. तुम्ही अकरा किलोचे डबे उघडून तिच्यासमोर ठेवलेत, मागे रांग, वर दिसलं ते अ‍ॅल्युमिनियम. मीही कदाचित तेच म्हटलं असतं. शाखेत नाणं येणं सोपं असतं, परत जाणं कठीण. जागा अडते, संध्याकाळी मोजणी जुळवावी लागते, आणि आठ आणे घेतले तरी पुढे कोणत्या गिऱ्हाईकाला द्यायचे? म्हणून बँकेत मनाई नसते, पण चालढकल असते. त्यावर उपाय नियमाचं पुस्तक दाखवण्यापेक्षा तिचं काम कमी करणं हा आहे. पगार-पेन्शनचे पहिले दहा दिवस सोडा, सोमवार सोडा. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर जा. तुमचं खातं असलेल्याच शाखेत जा आणि रोख बदलून मागण्यापेक्षा स्लिप भरून खात्यात टाका. एका वेळी चार-पाच पिशव्या. 'मोजून, वेगळं करून आणलंय, बाद एकही नाही' हे पहिलं वाक्य बोला. या वाक्याने काय फरक पडतो ते काउंटरच्या आतल्या बाजूला बसल्याशिवाय कळत नाही.

तरी नाकारलं तर शाखाधिकाऱ्यांना भेटा, तरी नाही तर बँकेकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, खर्च काही नाही. माझ्या पाहण्यात दहातल्या नऊ वेळा गोष्ट शाखाधिकाऱ्याच्या टेबलावरच मिटते.

बाद नाण्यांचं काय करायचं, हे तुमच्यावर आहे. भंगारवाल्याला अ‍ॅल्युमिनियमचा भाव विचाराल तर तो दर्शनी किमतीपेक्षा जास्त सांगेल, हे वरच्या हिशेबावरून लक्षात आलंच असेल. पण द्यायचं ठरवलंत तर त्यात चालू नाणं एकही जाऊ देऊ नका. चालू नाणं वितळवणं हा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एक आणखी कृपा करा, ती देवळाच्या दानपेटीत टाकू नका. पुष्कळांना हा सोपा मार्ग वाटतो. देवाच्या नावाने आपलं ओझं पुजाऱ्यांच्या गळ्यात, एवढाच त्याचा अर्थ.

मेहुण्यांचे लाख. अहो, तसं असतं तर मी एकतीस वर्षं पगारावर काढली असती का? संग्राहक नाणी घेतात हे खरं, पण ते दुर्मीळ साल, टाकसाळीची खूण आणि नाण्याची स्थिती बघतात. सालाखाली बारीक चौकटीसारखी खूण मुंबईची, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा, काही नसेल तर कोलकाता. किराण्याच्या गल्ल्यात हजार हात फिरून गुळगुळीत झालेले ऐंशीच्या दशकातले दहा पैसे त्यांच्याकडे पोत्याने असतात. एक, दोन आणि तीन पैशांना हौशी गिऱ्हाईक मिळतं, पण ते चहापाण्याचे पैसे. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाचाचं आणि दहाचं नाणं लाखोंना जातं म्हणून मोबाईलवर जे फिरतं, ते नाणं सरकारने भरपूर काढलं होतं. त्याची किंमत पाच आणि दहा रुपये.

मला काळजी आहे ती वेगळी. 'तुमचं नाणं तीन लाखांना घेतो, आधी नोंदणीचे अमुक भरा, मग कराचे तमुक भरा,' असे फोन येतात, वर रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेलं पत्रही पाठवतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं की आपण जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा खरेदी-विक्रीत नाही, कुठलं शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. आमच्या रामबागेतल्या एका निवृत्त मास्तरांनी पाच रुपयांच्या नाण्यापायी साडेआठ हजार घालवले. शिकलेला माणूस. विकणारा आधी पैसे भरतो, हा कुठला व्यापार? मेहुण्यांना एवढंच विचारा.

डब्यात पूर्वीचा कलदार रुपया निघाला तर मात्र थांबा. १९४० च्या आधीच्या, राणीच्या आणि राजाच्या रुपयात साडेएक्याण्णव टक्क्यांच्या पुढे चांदी आहे, वजन एक तोळा, ११.६६ ग्रॅम. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास निकेलच आलं. असा रुपया सराफ्यात दिवसा न्या, रात्री तिथे खाऊगल्ली भरते, तळलेले गराडूच मिळतील. दोन दुकानांत विचारा आणि विकायचं मनात असेल तरच वजन करू द्या.

सासूबाईंच्या डब्यात कमळाचे पितळी वीस पैसेही होते, १९६८ नंतरचे. लक्ष्मीपूजनाला त्या तेच मांडायच्या, त्यात सोनं आहे असं त्यांचं ठाम मत होतं. नव्हतं. पण ते आम्ही अजून मांडतो.

आत्यांचे सेंट. हे आपल्या चाराण्यांसारखे समजू नका, त्यांची गोष्ट उलट आहे. थैलीत दोन देशांचे असणार. मॅपलची पानं आणि राणीचा चेहरा असलेले कॅनडाचे, लिंकनचे अमेरिकेचे. कॅनडाने मे २०१२ मध्ये सेंट पाडणं थांबवलं आणि ४ फेब्रुवारी २०१३ पासून बँकांना वाटणंही थांबवलं. रोखीचा हिशेब पाच सेंटवर आणतात, कार्डाने मात्र सेंटपर्यंत अचूक. अमेरिकेने अगदी अलीकडे, १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत चलनासाठीचा शेवटचा सेंट पाडला. एक सेंट पाडायला पावणेचार सेंटच्या जवळ खर्च येत होता. आपल्या दहा पैशांचंच दुखणं. पण दोन्ही देशांनी नाणं बाद केलेलं नाही. माझ्या पहिल्या प्रकारातलं बंद: पाडणं थांबलं, किंमत कायम. आपल्यासारखी '२९ जूनच्या आत या' अशी तारीखच नाही.

पण ही किंमत तिथे गेल्यावर. इंदुरात विदेशी चलन बदलणारे नोटा घेतात, नाणी घेत नाहीत, तेव्हा तिथे खेटे घालू नका. आत्या पुढच्या वेळी येतील तेव्हा थैली त्यांच्याबरोबर परत पाठवा. तिकडे सेंट पन्नासाच्या कागदी गुंडाळ्यांत भरून बँकेत देतात, आपल्या शंभराच्या पिशव्यांसारखंच. फक्त कॅनडाचे आणि अमेरिकेचे इथेच वेगळे करून द्या. आणि किती होतील याचा अंदाज आधी घ्या. अमेरिकेचा १९८२ नंतरचा सेंट अडीच ग्रॅमचा, म्हणजे किलोत चारशे, म्हणजे चार डॉलर. आत्यांच्या बॅगेतली ती किलोभर जागा त्यांना लोणच्याच्या बरणीसाठी हवी असेल तर त्यांचं चुकणार नाही. अमेरिकेतून कोणी मूठभर जमवून इकडे आणायचं म्हणत असेल, तर तिकडे सेंट वितळवायला बंदी आहे आणि प्रवाशाला पाच डॉलरपर्यंतचेच बाहेर नेता येतात, हे सांगून ठेवा. तांब्याच्या लोभाने लोक पोती भरून नेतील म्हणून तो नियम.

तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, जी तुम्ही सहज लिहिल्यासारखी लिहिली: 'एक काळं पडलेलं जाड नाणं आहे, त्यावर बसलेला बैल दिसतो.' मला वाटतं तुमच्या अकरा किलोतलं बघण्यासारखं तेच आहे. बसलेला नंदी होळकर संस्थानच्या तांब्याच्या पाव आण्यावर आणि अर्ध्या आण्यावर असायचा, शिवाजीराव होळकरांच्या काळात ही नाणी पडली. साल विक्रम संवतातलं असेल, त्यातून सत्तावन्न वजा केले की इसवी सन येतं. पुढे १९३५ च्या नाण्यांवर यशवंतरावांचा चेहरा आला. हे लाखाचं नाही, तेव्हा मेहुण्यांना एवढ्यात काही बोलू नका. पण इंदूरचं आहे, आणि शंभराहून जास्त वर्षांनी इंदूरच्याच एका गल्ल्यात सापडलंय.

चिंच, लिंबू, पितांबरी, काही लावू नका. काळेपणा हे त्याचं वय आहे, ते घासलंत की संग्राहक हातही लावत नाही. कोमट पाण्यात धुऊन मऊ कापडाने टिपा, कोऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवा आणि एखाद्या दुपारी आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या केंद्रीय संग्रहालयात घेऊन जा. तिथे अशी नाणी मांडलेली आहेत. शेजारी धरून बघा, संवत वाचता येतं का ते.